खिडकीशेजारचं कपाट

साल एकोणीसशे ब्याऐंशी. स्टुडिओत सुतारदादांनी दोन खोल्यांचं घर उभं केलं होतं आणि कपाट कुठे ठेवायचं यावर काम अडलं होतं.

"दाराशी," नकाशेवाल्याची बायको म्हणाली.

मूळ घर तिचंच. चोवीस वर्षांपूर्वी लष्कराच्या नकाशा कचेरीतल्या तिच्या नवऱ्याला तिथूनच बेड्या घालून नेलं होतं. कपाटामागे पाकीट सापडलं, पाकिटात किनाऱ्यावरच्या तोफांचे नकाशे. देशद्रोहाची शिक्षा भोगत तो तुरुंगातच वारला. आता त्यावर सिनेमा निघत होता. नायक अर्थातच त्याला पकडणारे साहेब.

"आई, तू कशाला जातेस त्यांच्या मदतीला?" मुलगी सकाळी धुसफुसली होती. शाळेत तिला 'फितुराची पोर' म्हणत. तिशी उलटली तरी अर्जावर वडिलांचं नाव लिहिताना तिचा हात अडखळे.

"निदान घर तरी धड दाखवू देत," आई एवढंच म्हणाली होती.

सुतारदादा आणि त्यांचा भाऊ कपाट ओढताना घामाघूम झाले. "बाई, कपाट आहे की हत्ती?"

"आमचंही असंच होतं. दोघांशिवाय तसूभर हलायचं नाही."

तेवढ्यात साहेब आले. ते निवृत्त झाले होते, मिशी अजून नोकरीत होती.

"अहो, दाराशी काय? खिडकीशी होतं! या हातांनी पाकीट काढलंय मी."

"नक्की, साहेब?" तिने विचारलं.

"डोळे मिटून सांगतो. वहिनी, तुमचं आता वय झालं."

"झालंय खरं." तिने पर्समधून जुना कागद काढला. "ही रंगाऱ्याची पावती, छाप्याच्याच आठवड्यातली. खिडकीकडची भिंत ओली होती, म्हणून कपाट दाराशी ओढलं होतं. खिडकीशी होतं ते त्याआधी. कोर्टात तुम्ही शपथेवर सांगितलंत, छाप्याआधी या घरात पाऊल टाकलं नव्हतं. मग ते खिडकीशी पाहिलंत कधी?"

हातोडा थांबला. शूटिंगची बातमी करायला आलेल्या वार्ताहराने वही उघडली.

"तेव्हा का नाही बोललात?" साहेब कसेबसे म्हणाले.

"तेव्हा कपाटाचं मला कुणी विचारलंच नाही."

फेरचौकशी बसली. छाप्यातले शिपाई आणि पंच केव्हाच वारले होते. पंचनाम्यात 'कपाटामागे' एवढंच लिहिलेलं. सगळा खटला साहेबांच्या शब्दावर उभा होता, तो शब्दच कोसळला. दोन वर्षांनी नकाशेवाला निर्दोष ठरला. सिनेमाचा शेवट बदलला आणि सिनेमा तुफान चालला. कपाट सुतारदादांनी घरी नेलं, त्यात त्यांच्या सुनेची भांडी राहिली. मुलीने वडिलांचा फोटो बाहेरच्या खोलीत लावला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. साहेबांना या खटल्यासाठी मिळालेलं पदक काढून घेतलं. "खिडकीशीच होतं हो," असं भेटेल त्याला सांगत ते गेले.

नकाशेवाल्याची बायको एक्याण्णव वर्षं जगली. रंगाऱ्याने त्या आठवड्यात कपाटाभोवतीच रंग मारला होता. छाप्याआधी ते हललं एकदाच, मागे पाकीट सरकवायचं होतं तेव्हा. एक बाजू नवऱ्याने उचलली होती, दुसरी तिने.