रिकामं पारडं

वजनकाटे दुरुस्त करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. माझ्या हाताखालून गेलेला काटा रिकामा असताना शून्यच दाखवतो.

दहाव्या आठवड्यात माझा गर्भ पडला, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस गं. एवढ्याशा जिवाचं वजन ते काय!"

ते न्हाणीघरात घडलं; तिथली ओली फरशी दिसली की अजूनही मी दारातच थांबते. तरी चौथ्या दिवशी मी कामावर हजर होते.

त्याच दिवशी समोरच्या रिकाम्या काट्याने चार ग्रॅम दाखवले. मी तो उघडला, पुसला, परत जोडला. चार ग्रॅमच. आमच्या दुकानातले जुने कारागीर मिस्त्रीकाका, त्यांनी तो आपल्या टेबलावर नेला, तर शून्य.

"काट्यात खोट नाही, पोरी," ते म्हणाले.

"माझ्या हातातही नाही, काका."

मग माझ्या टेबलावरचा प्रत्येक काटा तेच करू लागला. महिन्याभरात शंभर ग्रॅम, पुढे अर्धा किलो, मग दोन. मी तेवढं वजा करून काम करत राहिले. एकही काटा चुकला नाही.

सात महिन्यांनी, आज दुपारी प्रसूतिगृहातून तान्ह्या बाळांचा काटा दुरुस्तीला आला. टेबलावर ठेवताच आकडा सव्वातीन किलोंवर गेला, पण तिथे ठरेना. सारखा खालीवर होत राहिला. मी पंखा बंद केला, तरीही.

मिस्त्रीकाका माझ्या मागे येऊन उभे राहिले. "आकडा असा कधी हलतो, ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. पारड्यातलं बाळ हातपाय झाडत असतं तेव्हा.

मी दोन्ही हात पारड्यात घातले आणि अलगद वर उचलले.

आकडा शून्यावर आला.