उघडं इंजिन

टण्.

दुपारच्या शांततेत नट फरशीवर पडला, गरगरत गेला आणि फ्रिजखाली जाऊन थांबला. टेबलाशी बसलेला नवरा मात्र टेबलावरच हात फिरवत राहिला. डबी उचलून पाहिली, फडकं झटकलं, विमानाच्या छोट्या पंख्यांची चळत हलवली.

"आत्ता इथे ठेवला होता," तो म्हणाला. "या घरात वस्तूंना पाय फुटतात."

तिने पट्टीने नट बाहेर ओढला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला. "खाली पडला होता," एवढंच म्हणाली.

रविवारी लेक पहिल्यांदा विमान उडवणार होती. दोन बारीक तारांना बांधलेलं, हातभर लांबीचं विमान. तारांची मूठ हातात धरून मधोमध उभं राहायचं आणि त्याच्याबरोबर गोल फिरायचं. लेकीला घरात सगळे भिंगरीच म्हणायचे, तेव्हा फिरण्याची चिंता नव्हती. चिंता इंजिनाची होती. आठवडाभर नवऱ्याचं एकच चाललं होतं: इंजिन दबलंय, त्याला आवाजच नाही, सायलेन्सर त्याचा दम कोंडतोय.

मागच्या अंगणात त्याने इंजिन फळीवर आवळून बसवलं होतं. लांब नळीचा सायलेन्सर सकाळीच नापास झाला. मग आखूड लावला, त्याचं भोकही ड्रिलने मोठं केलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा पंखा बदलला. मोठा पंखा इंजिनाला ओढायला जड. हा लहान, कमी तिरक्या पात्यांचा. यावर इंजिन मोकळं पळतं आणि तारस्वरात ओरडतं.

ओरडलंही. भिंतीपलीकडून शेजारीणबाई डोकावल्या. "अहो, आत्ता कुठे बाळाचा डोळा लागला होता! विमान उडवताय की आम्हाला?"

नवऱ्याने त्यांना हसून हात केला, जणू त्या कौतुकानेच बघायला आल्या होत्या. इंजिन बंद करून तो म्हणाला, "छे. अजून कोंडतंय." आणि स्क्रू सोडवून सायलेन्सर पूर्णच काढून टाकला.

"अरे, तसं चालवायचं नसतं ना? तूच म्हणायचास," ती त्याच्या पाठीमागून बोलली.

तो स्क्रू डबीत ठेवत राहिला.

पायरीवर बसलेल्या भिंगरीने आईची बाही ओढली. "समोर जाऊन बोल ना. मागून बोललेलं बाबाला कळत नाही."

"कधीपासून?"

"कधीपासूनच." भिंगरीने खांदे उडवले. "तो आता तोंड बघून ऐकतो. आजोबांसारखा."

सासरे दारात खुर्ची टाकून उन्हाला बसले होते. त्यांचे कान ऐन तरुणपणी गेले होते. हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता. सगळ्यात शेवटी कळलं ते त्यांना स्वतःला.

नवऱ्याने बोटाने पंख्याला झटका दिला. उघडं इंजिन सुरू झालं. खिडकीच्या काचा थरथरल्या. भिंगरीने दोन्ही कान दाबून धरले, तिनेही. तो मात्र मान तिरकी करून, कान इंजिनाजवळ नेऊन इंधनाची सुई पिळत होता. सुई आवळली की इंधन कमी पोचतं, स्वर चढतो. कुठे थांबायचं ते कानालाच कळतं. विमानं उडवायच्या मैदानावरचे लोक आपापली इंजिनं घेऊन त्याच्याकडे यायचे, ते त्या कानासाठीच.

त्याने आणखी एक पीळ दिला. आणखी अर्धा.

"पुरे!" ती ओरडली. "अरे जळेल ते! पुरे!"

कोणी वळलं नाही. इंजिनाच्या त्या किंकाळीत अंगणातले दोनच चेहरे स्वस्थ होते, एक खुर्चीतला आणि एक फळीवर वाकलेला. हनुवटी तीच, कपाळही तेच. इतक्या वर्षांत हे आपल्याला कसं दिसलं नाही, असं तिला वाटलं.

स्वर चढता चढता तुटला. पंखा जागच्या जागी अडकला. जळक्या तेलाचा वास आला. नवऱ्याने पंखा हाताने हलवून पाहिला. हलेना.

ती त्याच्या समोर जाऊन उकिडवी बसली. त्याने तिच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे पाहिलं.

"सायलेन्सर नव्हता रे कोंडत," ती सावकाश म्हणाली.

तो ओठांकडेच बघत राहिला, तिने अजून काही बोलावं म्हणून, किंवा बोललेलं मागे घ्यावं म्हणून. मग त्याने दाराकडे, वडिलांकडे पाहिलं. सासऱ्यांना वाटलं पाणी हवंय. त्यांनी खुर्चीजवळ ठेवलेला तांब्या पुढे केला. नवऱ्याने मान हलवली, आणि एकेक सायलेन्सर पुसून खोक्यात ठेवायला लागला, लांब नळीचा आधी, मग आखूड.

"दुसरं इंजिन आहे," तो भिंगरीला म्हणाला. आवाज जरा जास्तच मोठा लागला होता. "रविवारी त्याची सुई तू लावायचीस. तुझ्या कानाने. काय?"

भिंगरीने मान डोलावली. कानांवरचे हात तिने अजून काढले नव्हते. आता काढले, आणि आईला अगदी चिकटून, बाबाला ऐकू जाऊ नये म्हणून उगाचच कुजबुजत विचारलं,

"आई, आधी आजोबा, मग बाबा. त्याच्यानंतर माझा नंबर का?"