दहा हजार पावलं

सुश्रुतच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, पण काम घरूनच असल्याने ऑफिसला त्याने कळू दिलं नाही. लोकांना चालायला लावणारं अ‍ॅप बनवणारी स्टार्टअप ती. तिथे आडवा पडलेला माणूस कोण ठेवून घेणार? त्यात पावलं मोजणारं घड्याळ बांधून रोज दहा हजार पावलांची सक्ती.

"आण ते घड्याळ," वडील म्हणाले. "तुझ्या वाटचं मी चालतो."

तेव्हापासून मुलाचं घड्याळ मनगटाला बांधून अण्णा रोज सकाळी टिटवाळ्याच्या त्यांच्या सोसायटीला फेऱ्या मारायचे आणि पलंगावर पडल्यापडल्या सुश्रुतची पावलं मोबाइलवर वाढायची. पंधरवड्यात तो ऑफिसात पहिला आला. बापलेक इतके हसले, की सुश्रुतच्या टाक्यांतून कळ गेली.

मंगळवारी पावलं चार हजारांवर अडली. अण्णा कुणाशी तरी गप्पा मारत बसले असतील, असं त्याला वाटलं. इतक्यात त्यानेच कधीकाळी अ‍ॅपसाठी खपून लिहिलेला मेसेज मोबाइलवर आला: "काय राव, किती वेळ बसणार? उठा की!"

त्याने अण्णांना फोन लावला. तो आतल्या खोलीत वाजला. घरात तिसरं कुणी नव्हतं, आणि सुश्रुतला कुशीवर वळवायलाही अण्णाच लागायचे.

अर्ध्या तासाने मेसेज परत आला: "अजून तिथेच? उठा की, राव!"