बाजूची पट्टी

"मशीनमध्ये काहीही बिघाड नाही, एल्डन," दुकानाच्या गल्ल्यामागून ग्लेंडा म्हणाली.

गोधडी शिवायचं ते मशीन एल्डनने घरच्या चौकटीवरून स्वतः उतरवलं होतं. जुन्या ब्लँकेटात गुंडाळून पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवलं होतं आणि वर पट्टाही लावला होता, एखादं माणूस न्यावं तसं.

"पुन्हा बघ."

"तीनदा बघितलं. तुझ्यासमोर."

"मग रेघ दातेरी का येते? लव्हॉनचं पीस कधी दातेरी आलंय?"

ग्लेंडाने मशीनचं झाकण परत बसवलं. गोधडीवर पिसांची नक्षी काढायला गावातल्या अर्ध्या बायकांना एल्डनच्या बायकोनेच, लव्हॉननेच शिकवलं होतं. ग्लेंडालाही.

"बरं, मग ते दे." त्याने खिडकीतल्या मशीनकडे बोट दाखवलं. "त्याचा गळा मोठा आहे, सुईमागे जास्त जागा. गोधडी गुंडाळत गेली की जागा कमी पडते, म्हणून होत असेल."

"अरे, इस्टरला तू याच कारणासाठी हे नेलंस. याहून मोठं हवं असेल तर तुझं मका काढायचं यंत्रच घाल आता गोधडीवर." स्वतःच्या विनोदावर ती हसली नाही. "दुसरं मशीन मी तुला विकणार नाही. लव्हॉनला घेऊन शहरातल्या डॉक्टरकडे जा."

"मी मशीनबद्दल विचारतोय!" तो ओरडला. दुकानातल्या दोघी-तिघींनी कापडांच्या ताग्यांत माना घातल्या.

घरी तळघरात लव्हॉन चौकटीशेजारी खुर्चीत बसली होती. बारा फुटी चौकट. तिच्या दांड्यावर जवळजवळ सगळी गोधडी शिवून गुंडाळली गेली होती. चाळीस वर्षांत तिने केलेल्या सगळ्या गोधड्या लोकांच्या घरी गेल्या. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बाळासाठी, चर्चच्या लिलावात. त्या दोघांच्या पलंगावर दुकानातलं ब्लँकेट होतं. ही पहिलीच गोधडी त्यांची स्वतःची होती.

"काय म्हणाली ग्लेंडा?"

"दोऱ्याचा ताण बिघडला होता. केला तिने नीट." त्याने मशीन चौकटीच्या रुळांवर सरकणाऱ्या गाड्यावर चढवलं, दोरा ओवला. "चल, बघ आता."

ती उठली. मशीनच्या दोन्ही मुठी धरल्या आणि सुई सुरू केली. गाडा रुळांवरून मऊ सरकला. पिसाचा देठ निघाला, पहिला वळसा आला, आणि रेघ थरथरली. पुन्हा थरथरली.

"रूळ," एल्डन म्हणाला. "रूळच वाकडे असणार." तो गुडघ्यांवर बसला. पाणसळ रुळावर ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध थांबला. त्याने पाणसळ उलटी करून ठेवली. बुडबुडा तिथेच. मग तो चौकटीखाली सरपटत गेला आणि चाकांचे स्क्रू सोडवू लागला. मागच्याच महिन्यात त्याने ते आवळले होते.

"एल्डन."

"दोन मिनिटं. चाकात दोरा अडकला असेल."

"बाहेर ये. तू चालव एकदा."

"मला कुठे नक्षी येते?"

"नक्षी नको. नुसती रेघ मार. बाजूच्या पट्टीवर, नेहमी मारतोस तशी."

गोधडीचं अस्तर दोन्ही बाजूंना चार चार बोटं जास्त ठेवलेलं असतं. नवीन काही बसवलं की आधी तिथे टाके घालून बघायचे असतात. शेवटी ती पट्टी कापून टाकतात, म्हणून तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. एल्डनने मुठी धरल्या. रेघ सरळ गेली, त्याच्या शेतातल्या मक्याच्या ओळीसारखी.

"आता दांडा उलटा फिरव," लव्हॉन म्हणाली.

त्याने फिरवला. शिवलेली गोधडी उलगडत मागे येऊ लागली. जूनमध्ये त्याने रूळ समपातळीत आणले होते. तिथे पिसं थरथरलेली होती, आणि बाजूच्या पट्टीवर त्याची रेघ सरळ होती. इस्टरला नवीन मशीन आणलं तिथे तिचं पीस थरथरलेलं, त्याची रेघ सरळ. गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, चाकं बदलली होती. तिथेही तसंच. त्याआधी शिवलेली सगळी पिसं मात्र नितळ होती आणि बाजूची पट्टी कोरी होती.

तिन्ही वेळा त्याने ती रेघ मारली होती, बघितली होती, आणि "झालं, आता चालेल" म्हणत हात पुसत वर गेला होता.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"गेल्या थँक्सगिव्हिंगपासून. आधी कॉफीचा कप हातातून पडायला लागला."

"मग बोलली का नाहीस? लव्हॉन, एक वर्ष! मी इथे चाकं आवळत बसलो!"

तिने उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता.

"तू दुरुस्त करत होतास ना," ती म्हणाली. "तोवर वाटायचं, दुरुस्त होण्यासारखं आहे."

डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं. वसंतात, पेरणीच्या आधी, ती गेली.

गोधडी अजून चौकटीवर आहे. पिसं जिथे थांबतात तिथे सुई वर करून ठेवलेली आहे. एल्डनने दोनदा मुठी धरल्या आणि दोनदा सोडल्या. त्याला बाजूच्या पट्टीवरची तेवढीच रेघ येते, आणि ती लव्हॉनच्या रेघेशी जुळत नाही.

तो मशीनला दर रविवारी तेल घालतो. मशीन उत्तम चालतं. अकरा इंच शिवायचे राहिले आहेत.