चाळीस सुया

देशभरातून निवडलेल्या बारा कुमार कवींत पोरीचं नाव आलं, तेव्हा आईने नात्यागोत्यात दवंडी पिटली. मान मात्र फुकटचा नव्हता. वर्षभर दर शनिवारी वृद्धाश्रमात तासभर कविता वाचून दाखवायच्या होत्या. तिच्या वाट्याला आले खडूस शिंपीकाका. "कविता नंतर. आधी सुयांत दोरे ओव, मला दिसत नाही," म्हणत ते आठवडाभर पुरतील अशा चाळीस सुया पुढ्यात टाकत. आश्रमातलं सगळं उसवलेलं त्यांच्याकडेच येई. ओवता ओवता तास सरे आणि वही पिशवीतच राही. शेवटच्या शनिवारी अहवालात 'वाचलेल्या कविता: शून्य' लिहायचं ठरवूनच ती आली. सवयीने सुयांची उशी ओढली, तर चाळीसच्या चाळीस सुयांत दोरे होते. निम्म्यांना वेड्यावाकड्या गाठी. "कोणी ओवले?" "मीच. सोमवारपासून बसलोय," लालभडक डोळे चोळत काका गुरगुरले. "आता काढ बघू ती वही."