पाल्याचा बंब

"शाळा सोडलीस ती अंगणात उकिरडा रचायला? आधी उचल हे, नाहीतर सोमवारपासून परत शाळेत!" मालनआत्या कडाडली.

"ढिगाला हात लावू नकोस, आत्या!" सोपान उसळला. कुजताना पाला आतून तापतो, हे त्यानं वाफ निघताना पाहून हेरलं होतं. म्हणून शेण-पाल्याच्या त्या ढिगात त्यानं पाण्याची लांबलचक नळी वेटोळं करून पुरली होती. "पाणी गार निघालं तर जातो शाळेत. बास?"

त्यानं तोटी सोडली. आत्यानं धारेखाली हात धरला न् ती किंचाळलीच, "अगं आई गं, चटका बसला!" मग तीच हसत सुटली. "मेल्या, जाळ नाही, वीज नाही... कसं केलंस रे?"

"नंतर सांगतो! कोपऱ्यावरचे काका पाला पेटवायला निघालेत. जळायच्या आधी तो ढिगासाठी आणायला मला पळायलाच पाहिजे!"