शेपटीची फीत

जानेवारीतल्या बर्फाळ पावसात आयर्लंडमधल्या आमच्या गॉलवेच्या मैदानाचा पार रबडा झाला होता. घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेत नूलाची घोडी घसरली, शेवटच्या अडथळ्याची दांडी पडली आणि बक्षीस हुकलं. मैदानाबाहेर गाडीमागे नूलाचा नवरा फर्गस घोडीला चाबकाने फोडून काढू लागला. नूला मध्ये पडली, तर तोच चाबूक तिच्या तोंडावर बसला.

“दोघीही माजलायत,” तो म्हणाला आणि पुन्हा घोडीकडे वळला. तिची लाथ अशी बसली की त्याचा जबडाच फुटला.

चाबूक आम्हा कुणालाच दिसला नव्हता. लाथ मात्र सगळ्यांना दिसली.

“लाथा झाडते ही. शेपटीला लाल फीत बांधत जा, म्हणजे माणसं लांब राहतील,” पंचांनी नूलाला दम दिला.

पुढच्या स्पर्धेलाही तसाच पाऊस होता. फर्गस तारांनी आवळलेला जबडा घेऊन आला आणि घोडीची मोकळी शेपटी बघून दातांमधूनच गुरगुरला, “फीत कुठाय गं?”

“बांधलीये की.”

नूलाने चाबूक उचलला आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.



लाल फीत तिच्या वेणीला होती.